बोजा नसलेली गाडी : दिवाळं निघाल्यावर माणसाकडे काय उरतं?

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. धारणीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे, काळी-पिवळी. धारणी ते परतवाडा, मधे हरिसाल, सेमाडोह, अशा घाटरस्त्याने तो सवाऱ्या नेतो. थोडी शेती आहे. बियाण्याचं कर्ज, दवाखान्याचं कर्ज, मुलीच्या लग्नाचं कर्ज, असं एकावर एक चढत गेलं आणि आता ते फिटण्यापलीकडे गेलं. तो कोर्टात अर्ज करतो, की माझं दिवाळं निघालं, मला नादार ठरवा. आता सांगा, त्याची जीप राहील की जाईल?

माणूस उदाहरणासाठी घेतलेला आहे, पण प्रश्न खरा आहे. जीप गेली तर कर्ज थोडं कमी होईल, पण कमाई पूर्ण बंद होईल. जीप राहिली तर तो निदान उद्याचा दिवस काढेल. तुम्ही हा प्रश्न चार जणांना विचारून बघा. दोघं म्हणतील, "दिवाळं म्हणजे दिवाळं, सगळंच जातं." उरलेले दोघं म्हणतील, "जुनी गाडी आहे, तिला कोण हात लावतो?" दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. पूर्ण उत्तर शोधायला जवळपास दीडशे वर्षं मागं जावं लागतं, आणि तिथे जीप नसते, बैल असतो.

या लेखात मला एकच गोष्ट दाखवायची आहे. कमाईचं साधन वाचवताना आपल्याकडच्या कायद्याने ते नवं की जुनं हे फारसं पाहिलेलं नाही. त्याने दोनच गोष्टी पाहिल्या: पोटासाठी ते लागतं का, आणि त्यावर कोणाचा बोजा आहे का. पहिल्या प्रश्नाने दार उघडतं आणि दुसऱ्याने बरेचदा बंद होतं.

बैल, औत आणि १८७७

एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडात बैल ही नुसती जनावराची जात नव्हती, ते भांडवल होतं. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैलांवरच्या गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पण स्टेशनापर्यंत माल आणायला बंडीच लागायची. नांगरायला बैल, पेरायला बैल, बाजाराला न्यायला बैल. ज्याचा बैल गेला त्याचं पुढचं वर्षही गेलं.

कापसाबरोबर रोख पैसा आला आणि रोख पैशाबरोबर कर्ज आलं. इकडे दख्खनमध्ये काय झालं ते तुम्ही अभ्यासक्रमात वाचलेलं असेल. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

परीक्षेत आपण इथेच थांबतो. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १८७७ मध्ये, दिवाणी प्रक्रिया संहिता नव्याने लिहिली गेली, तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. तिच्या कलम २६६ मध्ये हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोची काय काय मालमत्ता जप्त करता येईल हे सांगितलं आहे, आणि मग काय जप्त करता येणार नाही याची यादी दिली आहे. त्या यादीत कारागिराची हत्यारं आहेत. ऋणको शेतकरी असेल तर त्याची शेतीची अवजारं आहेत. आणि कोर्टाच्या मते शेतकरी म्हणून पोट भरायला लागतील एवढी जनावरं आहेत.

"कोर्टाच्या मते" या शब्दांवर एक खूण करून ठेवा. कायद्याने दोन बैल की चार बैल असा आकडा दिला नाही, किंमतही दिली नाही. या माणसाला जगायला किती लागतात, ते न्यायाधीशाने ठरवायचं.

सरकारला शेतकऱ्याची दया आली म्हणून हे झालं, असं लगेच लिहू नका. बैल जप्त झाला की पेरणी होत नाही, पेरणी नाही तर सारा भरला जात नाही, आणि सावकाराचंही पुढचं येणं बुडतं. बैल वाचवण्यात शेतकऱ्याचं हित होतं, तसं सरकारी तिजोरीचंही होतं. इतिहासात एका कलमामागे एकच हेतू फार क्वचित असतो.

मुंबईचे ३०० रुपये आणि मोफसलची गरज

१९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे. जुनं कलम २६६ तिच्यात कलम ६० झालं. शेतकऱ्याच्या अवजारांबरोबर आणि जनावरांबरोबर त्यात बियाण्याचं धान्यही आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिनेही जप्तीबाहेर आहेत. कोर्टाच्या मताची अटही तशीच आहे.

ही जप्तीची गोष्ट झाली. दिवाळखोरीची वाट वेगळी. जप्तीत एक धनको एका हुकूमनाम्यासाठी एखादी वस्तू धरतो. दिवाळखोरीत माणसाची सगळी मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि सगळ्या धनकोंत वाटली जाते. त्यासाठी आपल्याकडे दोन कायदे झाले. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, आणि बाकीच्या प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा.

आता या दोघांची तुलना करा, खरी मजा इथे आहे. १९०९ च्या कायद्याच्या मूळ मजकुरात दिवाळखोराला स्वतःकडे ठेवता येणाऱ्या वस्तूंना किमतीची मर्यादा आहे. हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी, सामान, सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंत. हा साचा इंग्लंडचा. तिथल्या १८८३ च्या दिवाळखोरी कायद्यात अशीच २० पौंडांची मर्यादा होती. १९२० च्या कायद्यात मात्र असा आकडाच नाही. त्याचं कलम २८, पोटकलम ५ एवढंच सांगतं, की दिवाणी प्रक्रिया संहितेने जे जप्तीतून वगळलं आहे ते दिवाळखोरीच्या मालमत्तेतही धरायचं नाही. म्हणजे बैलाचं ते जुनं कलम इथे जसंच्या तसं लागू झालं.

एकाच भाषेच्या मुलखात दोन मापं चालली. मुंबईत विचारायचे, "वस्तू केवढ्याची?" मोफसलमध्ये विचारायचे, "वस्तू कशासाठी लागते?" पहिल्या मापात जुनी वस्तू वाचते, कारण तिला भाव येत नाही. दुसऱ्या मापात कामाची वस्तू वाचते, मग तिला भाव असो वा नसो.

ही दोन मापं जगभर दिसतात. अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेत मोटारगाडीसाठी वेगळी सूट आहे आणि तिची मूळ मर्यादा १,२०० डॉलर होती. पुढे आकडा वाढत गेला, पण पद्धत किमतीचीच राहिली. म्हणून तिथे खटारा गाडी सहज वाचते आणि नवी गाडी अडचणीत येते. इंग्लंडने मात्र १९८६ च्या कायद्यात कूस बदलली. दिवाळखोराला स्वतःच्या नोकरीसाठी, धंद्यासाठी लागणारी हत्यारं, पुस्तकं आणि वाहनं वगळली. एखादी वस्तू फारच महागाची असेल तर ती विकून त्याच कामाची साधी वस्तू त्याला द्यावी, अशीही सोय ठेवली. किंमत आणि गरज या दोन मापांची तिथे सांगड घातली गेली.

शेजारशेजारची दोन पोटकलमं

आता आपल्या १९२० च्या कायद्याकडे परत या. कलम २८ चं पोटकलम ५ वाचून आनंद होतो, की चला, गरिबाचं साधन वाचलं. पण पान उलटू नका. लगेच खाली पोटकलम ६ आहे. ते म्हणतं, ज्या धनकोकडे तारण आहे त्याच्या तारणावरच्या हक्काला या कलमाने बाधा येणार नाही. म्हणजे बैल, बंडी किंवा जीप तुम्ही कर्जासाठी तारण लिहून दिली असेल, तर तो धनको आपलं तारण वसूल करू शकतो.

या दोन ओळी एकत्र वाचल्या, की सगळ्या विषयाची किल्ली हाती येते. वरची ओळ म्हणते, पोटासाठी लागणारी वस्तू कोर्ट जबरदस्तीने घेणार नाही. खालची म्हणते, पण तू स्वतःच्या सहीने ती अडकवली असशील तर आम्ही मधे पडणार नाही. सातबारा बघणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला याचा अर्थ शिकवावा लागत नाही. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, बोजा.

आणि गंमत म्हणजे ज्याला कर्जाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडे तारण द्यायला कमाईच्या साधनाशिवाय दुसरं काही नसतं. म्हणजे कायदा जे दार लावून घेतो, ते त्या माणसाला आतून स्वतःच्या हाताने उघडावं लागतं.

हे जुन्या कायद्यापुरतंच नाही. बँकांच्या वसुलीसाठी २००२ मध्ये सरफेसी कायदा आला. त्याच्या कलम ३१ मध्ये, दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या मालमत्तेला हा कायदा लागू नाही असं म्हटलं आहे. पण तिथेही कंस आहे: त्या कर्जासाठी खास तारण दिलेली मालमत्ता सोडून. १९२० ते २००२, भाषा बदलली, अपवाद तोच.

एक गोष्ट मात्र या मधल्या काळात स्पष्ट झाली. तारणाची गाडी नेण्याचा हक्क असला तरी ती नेण्याची रीत कायदेशीरच हवी. एका ट्रकच्या कर्जाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बँकेला सुनावलं, की वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेता येणार नाही.

१९७५ : बोजाच पुसला तर?

बोजा हीच अडचण असेल तर तो पुसून टाकावा, हा मार्गही महाराष्ट्राने एकदा घेतला. २२ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणीच्या काळात, कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर, ग्रामीण मजूर अशा गटांची सावकारी कर्जं व्याजासकट संपली असं जाहीर झालं आणि गहाण ठेवलेल्या वस्तू परत द्यायच्या होत्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये फत्तेचंद हिम्मतलाल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरवला. निकाल न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिला.

पण या कायद्यातून सरकारची, सहकारी संस्थांची आणि बँकांची येणी वगळलेली होती. त्या वेळी गावात कर्ज म्हणजे बहुतेक सावकार. आज गाडीचं कर्ज म्हणजे बँक किंवा फायनान्स कंपनी. म्हणून १९७५ चा उपाय जसाच्या तसा आजच्या जीपला लावता येत नाही. एका काळचं औषध दुसऱ्या काळच्या दुखण्याला देताना दुखणं तेच आहे का, हे आधी बघा.

२०१६ : वाहन शब्द आला, पण…

२०१६ मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. तिच्या कलम ७९ मध्ये दिवाळखोराच्या मालमत्तेतून काय वगळायचं ते सांगितलं आहे. तिथे पहिल्याच ओळीत हत्यारं, पुस्तकं, वाहनं आणि इतर साधनसामग्री आहे, जी नोकरी, धंदा किंवा व्यवसायासाठी आवश्यक आहे. शब्दरचना इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्याशी मिळतीजुळती आहे. बैलापासून वाहनापर्यंत यायला १३९ वर्षं लागली.

पण आपल्या कायद्याने त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला एक शब्द घातला आहे. वाहन बोजारहित हवं. १९२० मध्ये जी गोष्ट शेजारच्या पोटकलमात होती, ती २०१६ मध्ये त्याच वाक्यात शिरली.

दुसरा "पण" याहून मोठा आहे. संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ ला लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही विभागणी मान्य केली. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या कर्जदाराला तो भाग लागू केलेला नाही. म्हणजे धारणीच्या जीपवाल्यासाठी "वाहन" हा शब्द पुस्तकात आहे, पण त्याच्या अर्जाच्या कामाचा नाही. त्याला आजही १९२० च्याच कायद्याने अर्ज करावा लागतो, ज्यात अर्जासाठी किमान कर्जाची रक्कम ५०० रुपये लिहिलेली आहे.

मी विज्ञान शाखेतून आले, म्हणून मला हे असं समजतं: वहीत समीकरण लिहिलं म्हणजे परीक्षानळीत अभिक्रिया झाली असं नसतं. तापमान किती, दाब किती, उत्प्रेरक आहे का, हे बघावं लागतं. कायद्याचंही तसंच. मंजूर झाला ती तारीख वेगळी, लागू झाला ती वेगळी, आणि कोणाला लागू झाला हा तिसरा प्रश्न.

मग जीपचं काय?

आता आपल्या माणसाकडे येऊ. त्याची जीप कर्जावर घेतलेली असेल आणि कर्ज बाकी असेल, तर आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव असतं, ज्याला सगळे "एचपी चढवलेली आहे" म्हणतात. ही जीप दिवाळखोरीच्या अर्जाने वाचत नाही, कारण पोटकलम ६ आडवं येतं.

जीपचं कर्ज कधीच फिटलं असेल तर? तेव्हा आधी आरसी बघा. हप्ते संपले तरी एचपीची नोंद आपोआप निघत नाही. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. तो दिला नसेल तर कागदावर बोजा दिसतच राहतो आणि फिटलेलं कर्ज सिद्ध करत बसावं लागतं.

कागद स्वच्छ असेल, तर मग कलम ६० ची पाळी. त्यात कारागीर आहे, शेतकरी आहे, पण चालक नाही. १८७७ च्या मसुद्यात जगण्याच्या दोनच वाटा धरल्या होत्या आणि तिसरी वाट शंभर वर्षांनी डांबरी रस्त्यावरून आली. म्हणून जीप वाचवायची तर ती शेतीला कशी जोडलेली आहे किंवा हत्यार या शब्दात ती कशी बसते, हे वकिलाला कोर्टापुढे मांडावं लागेल. कोर्टाचं मत काय पडेल ते त्या प्रकरणावर. पण एवढं नक्की, की गाडी जुनी आहे एवढ्याने मोफसलच्या कायद्यात ती सुटत नाही. जुनेपणाचा फायदा वेगळा आहे: जुन्या गाडीचं कर्ज बहुधा फिटलेलं असतं. तिला वाचवते ती तिची पुसलेली एचपी.

आणि हे सगळं माणूस कोर्टापर्यंत पोहोचला तर. धारणी हा अनुसूचित क्षेत्रातला, बहुसंख्य कोरकू वस्तीचा तालुका. इथल्या आदिवासींची जमीन परस्पर हातातून जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-क आहे. पण बैल, बंडी, मोटारसायकल यांना असं कवच नाही. कलम ६० बेलीफ दारात आला की जागं होतं. तोंडी व्यवहारात, समजुतीने, शेताच्या बांधावरून सोडून नेलेला बैल त्या कलमाला दिसतच नाही. त्यामुळे कोर्टाच्या दप्तरात मेळघाटातले दिवाळखोरीचे अर्ज कमी सापडले, तर त्यावरून तिथे कर्ज कमी होतं असा निष्कर्ष काढू नका.

या विषयावर काम करायचं असेल तर

कोणाला हा विषय घ्यायचा असेल तर वऱ्हाडची एक खास अडचण आधीच सांगते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, पण मालकी निजामाची राहिली. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपयांवर घेतला गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागत नसे, वेगळ्या आदेशाने लावावा लागे. १९४१ मध्ये त्यासाठी बेरार लॉज ॲक्ट नावाचा कायदाच करावा लागला. म्हणून "१८७७ ला वऱ्हाडात बैल जप्तीतून सुटले" असं वाक्य लिहिण्याआधी तो आदेश कधी निघाला ते शोधा. जिल्ह्याच्या हद्दीही बघा. मेळघाट आधी एलिचपूर जिल्ह्यात होता, तो जिल्हा १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला. अमरावतीच्या जुन्या अहवालात मेळघाट सापडत नाही, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

पुढची पायरी दप्तराची. १९२० च्या कायद्याखाली दिवाळखोरीचे अर्ज मुळात जिल्हा न्यायालयाकडे असतात, म्हणून सुरुवात अमरावतीपासून करा. जुनी प्रशासकीय कागदपत्रं नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहता येतात. अर्जासोबत कर्जदाराने मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि जप्तीतून वगळलेल्या वस्तू वेगळ्या दाखवायच्या असतात. माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका कागद तो. एक बंडी, एक बैलजोडी, तवा, घोंगडी, पुढच्या दशकांत सायकल, मग लुना, मग जीप. माणसाचं सगळं गेल्यावर त्याने कोर्टाला "एवढं तरी ठेवा" म्हणून काय लिहून दिलं, ते त्या यादीत असतं.

अशा शंभर याद्या, दशकांप्रमाणे लावून, कोणी वाचल्या तर वऱ्हाडातल्या माणसाने आपलं जगणं कशावर टेकवलं होतं याचा इतिहास तयार होईल. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर हा अजून मोकळा आहे असं समजा, आणि सुरुवातीला प्रत्येक यादीत एकच रकाना भरा: या वस्तूवर बोजा होता की नव्हता?